गाडीचा काटा केव्हा चढतो? जुन्या जीपगाडीचे इंजिन तापणे व पंख्याचे दोष



आपल्या कार्यक्रमात आपण बियाणे, खते, पाणी, जनावरे यांविषयी नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. आज गावोगावी जुन्या जीपगाड्या आहेत. कोणाकडे सुमो आहे, कोणाकडे बोलेरो आहे, तर कोणी आणखी जुनी उघडी जीप राखून आहे. सुमो १९९४ साली बाजारात आली आणि तिचे उत्पादन २०१९ साली थांबले. बोलेरो २००० साली आली. म्हणजे आपल्या दारातली गाडी दहा, पंधरा, वीस वर्षांची असणे ही नवलाची गोष्ट नाही. सकाळी तीच गाडी माल घेऊन बाजारात जाते, दुपारी तीच खताची पोती आणते, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे तर तीच काढावी लागते.

अशा गाडीची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे "गाडी तापते". हा दोष वेळेवर ओळखला तर थोडक्यात निभावते. नाही ओळखला तर इंजिन जाते आणि प्रसंगी माणूसही भाजतो. मी कृषी पदवीधर आहे, मोटार मेकॅनिक नव्हे. पण महाविद्यालयात ट्रॅक्टर आणि पंपाचे इंजिन शिकलो, आणि जे आज सांगणार आहे त्यातले बरेचसे घरच्याच ठेचेतून शिकलो. ती हकीकत आधी सांगतो.

चंदनापुरी घाटातली सकाळ

माझे मामा संगमनेर तालुक्यात टोमॅटो करतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी जुन्या गाडीची मागची बाके काढून वीस किलोचे तीस क्रेट भरले आणि नारायणगावच्या बाजाराला निघाले. बरोबर माझा मामेभाऊ होता. सपाटीला गाडी छान पळाली. चंदनापुरीचा घाट लागला, पुढे ट्रकची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि काटा चढू लागला. "एवढा घाट काढू, मग थांबू," असे म्हणत त्यांनी गाडी तशीच रेटली. माथ्यापाशी बॉनेटखालून वाफ निघाली तेव्हा थांबले. मामेभावाने घाईघाईने टॉवेल घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. माल दुसऱ्या दिवशी बाजारात पोचला, तोवर फळ मऊ पडले होते. भाव काय मिळाला असेल ते आपणच समजा. इंजिनाचे हेड वाकले, ते निराळेच.

पुढे मी गाडी पाहायला गेलो. वर्षभरात कूलंट दोनदा बदलला होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता, रेडिएटर एकदा धुतला होता. मी फक्त एकच प्रश्न विचारला, "मामा, सपाटीला पळताना काटा चढायचा का?"

"नाही रे," मामा म्हणाले, "पळताना तर काटा निम्म्यालाही जात नव्हता. बाजारातल्या रांगेत आणि घाटातच काय ते चढायचा."

बंधूंनो, सगळे उत्तर या एका वाक्यात होते. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो. गाडी हळू चालते किंवा उभी राहते तेव्हा वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणजे दोष पंख्याचा. बॉनेट उघडून पाहिले तर पंख्याच्या मध्यावर तेलकट चिकटा होता आणि पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे गायबच होते. आदल्या वर्षी पाण्याचा पंप बदलताना ते काढले, परत बसवले नाही. ते गोठ्यामागे धूळ खात पडले होते.

म्हणून आजच्या माहितीचे सार एवढेच: गाडी तापते म्हणून लगेच सामान बदलत बसू नये. आधी काटा केव्हा चढतो हे पाहावे.

इंजिन थंड कसे राहते?

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच धुरांड्यातून निघून जाते आणि राहिलेली इंजिनाच्या अंगात उतरते. ती बाहेर काढली नाही तर लोखंडही टिकत नाही.

विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाला जोडलेली असे. विहिरीचे गार पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून गरम होऊन बाहेर पडे. ती नळी तुंबली की इंजिन तापे. गाडीबरोबर विहीर नेता येत नाही, म्हणून तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. पाण्याचा पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, पाणी इंजिनातून फिरवतो. गरम पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपने परत इंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की उघडू लागते. चालत्या इंजिनाचे पाणी ८० ते ९५ अंशांच्या आसपास असणे हे निरोगीपणाचे लक्षण होय.

तेव्हा इंजिन थंड राहण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे पाणी, त्या पाण्याचे फिरणे आणि रेडिएटरमधून वाहणारा वारा. दोष या तिन्हींपैकी एकातच सापडतो.

काटा केव्हा चढतो ते पाहा

१. पळताना ठीक, पण उभी असताना, रांगेत किंवा घाटात हळू चालताना काटा चढतो: वारा कमी पडतो आहे. पंखा, त्याचा पट्टा, पंख्याभोवतीचे कडे हे पाहावे.

२. हळू चालवताना ठीक, पण मोठ्या रस्त्यावर वेगात किंवा भरल्या मालाने पळताना चढतो: पाणी पुरेसे फिरत नाही किंवा निवत नाही. रेडिएटर आतून-बाहेरून तुंबणे, पंपाची पाती झिजणे, खालचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होणे, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणे ही कारणे असतात.

३. सकाळी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर: पाणीच कमी आहे, पंपाचा पट्टा तुटला आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.

४. गळती कुठे दिसत नाही, तरी रोज पाणी घालावे लागते: हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. याविषयी पुढे सांगितले आहे.

५. काटा वर, पण वाफ नाही, वास नाही, वरचा पाइपही बेताचाच गरम: सेन्सर, वायर किंवा घड्याळ खोटे बोलत असेल. पण खात्री होईपर्यंत काट्यावर विश्वास ठेवूनच गाडी थांबवावी.

६. चढलेला काटा एकदम खाली पडला: हुरळून जाऊ नये. पाणी इतके उतरले असेल की सेन्सर उघडा पडला. मग त्याला पाणी लागतच नाही, तर तो तापमान काय सांगणार? लगेच थांबावे.

काही गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा गाडीत दर आठवड्याला पाणी पाहणे हाच उपाय.

पंख्याची तपासणी

आधी आपल्या गाडीत पंखा कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे. तपासणीला हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि उपरणे, ओढणी, पदर, सैल बाही पंख्यापासून लांब.

पहिला प्रकार, पट्ट्यावर फिरणारा साधा पंखा. जुन्या जीपमध्ये हा असतो. इंजिनाबरोबर सतत फिरतो. त्याचा दोष बहुधा पट्ट्यात असतो. पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. साधारण १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीच्या आतच दबला पाहिजे. जास्त दबला तर ढिला आहे, घसरतो. मुळीच दबत नसेल तर फार ताणला आहे, त्याने पंपाचे बेअरिंग लवकर जाते. नव्या गाड्यांतील रुंद, बारीक खाचांच्या पट्ट्याला आपोआप ताण देणारी पुली असते, तिथे हे माप लागू नाही. पट्टा कोणताही असो, आतील बाजू काचेसारखी चकाकत असेल, चिरा पडल्या असतील किंवा तेल लागले असेल तर तो बदलावा. गाडी सुरू करताना "कीं" असा आवाज येणे ही पट्ट्याची ओरड समजावी. बऱ्याच गाड्यांत एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला आणि मागोमाग काटा चढला तर पट्टा तुटला असे धरून चालावे. अशा वेळी एक किलोमीटरसुद्धा पुढे जाऊ नये.

दुसरा प्रकार, विस्कस पंखा. इंजिन उभे बसवलेल्या बऱ्याच डिझेल जीपगाड्यांत हा असतो. पंख्याच्या मध्यभागी भाकरीच्या लहान गोळ्याएवढी धातूची डबी दिसते आणि तिच्या तोंडाशी पिळाची पट्टी किंवा स्प्रिंग असते. डबीत सिलिकॉनचे घट्ट तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की स्प्रिंग आतली वाट उघडते, तेल पसरते आणि पंखा इंजिनाला चिकटल्यासारखा जोरात फिरतो. हवा थंड असली की तो ढिला सुटतो आणि डिझेल वाचते.

हा पंखा असा तपासावा. इंजिन थंड आणि बंद असताना पाते हाताने ढकलावे. मधात चमचा फिरवल्यासारखा जडपणा जाणवला पाहिजे. ढकलल्यावर भिंगरीसारखा तीन-चार फेरे फिरत राहिला तर डबीतले तेल गळून गेले आहे. डबीच्या कडेने धूळ धरलेला तेलकट चिकटा दिसला तर तीच खूण. पाते धरून मागेपुढे हलवावे, खेळ जाणवला तर बेअरिंग गेले आहे. चांगला विस्कस पंखा इंजिन खूप तापल्यावर घोंघावतो. घाटात हा आवाज पूर्वी येत असेल आणि आता येत नसेल, तर पंखा झोपला आहे. उलट सकाळ-संध्याकाळ, थंड-गरम कधीही घोंघावतच राहत असेल, तर डबी जाम झाली आहे. गाडी तापणार नाही, पण डिझेल जास्त जाईल. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर घोंघावून शांत झाला तर तो दोष नव्हे.

काही जण चालत्या पंख्यात गुंडाळलेला कागद किंवा दोरी घालून "थांबतो का" ते पाहतात. हा प्रयोग कोणीही करू नये.

तिसरा प्रकार, विजेवर चालणारा पंखा. हा इंजिनाला जोडलेला नसतो, रेडिएटरला जोडलेला असतो. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत तापले की सुरू होतो, नाहीतर बंद राहतो. गाडीला एसी असेल तर सोपी परीक्षा आहे: एसी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर पाहावी. कशावरच फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग चिमटे व अर्थिंगची वायर पाहावी. सर्वांत शेवटी मोटारीला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहावा. थेट करंटवरही फिरली नाही तर मोटार गेली. वायरमनने वायरी उलटसुलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा ढकलतो भलतीकडे. म्हणून दुरुस्तीनंतर इंजिन चालू असताना रेडिएटरच्या समोरच्या जाळीवर एक कागद धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे. हा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा गरम गाडीत त्याच्याजवळ बोट नेऊ नये.

प्रकार कोणताही असो, दोन गोष्टी विसरू नयेत. एक, पंख्याभोवतीचे कडे. कोणी त्याला श्राउड म्हणते, कोणी काऊल. दिसायला ते फालतू प्लॅस्टिक वाटते, पण पंखा रेडिएटरमधूनच हवा ओढतो तो त्याच्यामुळे. कडे नसेल तर पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. कडे फुटले असेल तर नवे बसवावे, काढले असेल तर परत लावून घेतल्याशिवाय गॅरेजमधून हलू नये. दुसरी गोष्ट, पात्याला चीर असेल तर पंखा बदलावा. वेल्डिंग किंवा तार बांधून चालवू नये. जोरात फिरताना तुटलेले पाते रेडिएटर फाडते आणि समोरच्या माणसालाही सोडत नाही.

रेडिएटर, पाणी आणि झाकण

शेतरस्त्याच्या गाडीचा रेडिएटर शहरातल्या गाडीपेक्षा लवकर तुंबतो. कापसाचे बोंद्रे, गव्हाचा भुसा, उसाचे पाचट, चिलटे, चिखल हे सगळे जाळीत बसते. एसीच्या गाडीत रेडिएटरपुढे आणखी एक जाळी असते, आणि त्या दोघांच्या मध्ये अडकलेला कचरा वरून दिसतही नाही. इंजिन थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, असे पाणी मारावे. बाहेरून मारले तर कचरा आणखी आत जातो. धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा जवळून मारू नये, पातळ पत्र्या वाकतात. समोर पोते, फ्लेक्स किंवा मोठ्या दिव्यांची फळी बांधून वारा अडवू नये.

आता आतले तुंबणे. बोअरच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर कसे पांढरे होऊन बंद पडतात ते आपण पाहतोच. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले तर तेच क्षार तिथल्या बारीक नळ्यांत बसतात. ठिबकला आपण ॲसिड सोडतो म्हणून रेडिएटरला मात्र सोडू नये, त्यातला ॲल्युमिनियमचा भाग खाल्ला जातो. बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेला कूलंट सांगितलेल्या प्रमाणात वापरावा. कूलंट फक्त थंडीसाठी असतो हा गैरसमज आहे. तो गंज रोखतो आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतो. अडचणीत साधे पाणी घालावे लागले तर घालावे, पण घरी आल्यावर ते बदलावे.

एक सावधगिरी: बहुतेक कूलंट चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असतो. काढलेला कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा पाटात ओतू नये. कुत्री-वासरे चाटतात, लहान मूल रंगीत पाणी म्हणून तोंडाला लावते. डब्यात झाकून ठेवावा आणि गॅरेजला द्यावा.

झाकणाला क्षुल्लक समजू नये. ते पाणी दाबाखाली ठेवते. सुमारे एक किलो दाबाच्या झाकणाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर चिरले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर जाते. नवे झाकण घेताना जुन्यावरचा आकडा जुळवून घ्यावा. गाडी थंड झाल्यावर पाइप पोटात गेल्यासारखे चपटे दिसले तर झाकणाची आतली लहान झडप अडकली आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये

"काढा तो थर्मोस्टॅट, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" असे सांगणारे गावोगावी भेटतात. हा सल्ला ऐकू नये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो नसेल तर बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते. मामांच्या गाडीत तर त्याने आणखी एक घात केला. सपाटीला काटा खाली राहिला आणि गाडी ठणठणीत आहे असे वाटत राहिले.

संशय असेल तर काढून परीक्षा करावी. पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोरीने मध्ये लोंबता सोडावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी निवल्यावर मिटला, तर चांगला आहे. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर बदलावा.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा पाइप दगडासारखा टणक होणे, पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे येणे, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसणे, ऑइलची कांडी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसणे. यांपैकी काहीही दिसले तर गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी. कारण पाणी ऑइलमध्ये मिसळले की बेअरिंगे जातात आणि हेडवर भागणारे काम पूर्ण इंजिनावर जाते. ज्या कारणाने गाडी तापली ते कारण शोधल्याशिवाय नुसते गॅस्केट बदलले, तर तेही जाणार हे लक्षात ठेवावे.

वाटेत काटा चढला तर

१. एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर टाकून त्याचा पंखा मोठा करा. गाडीत उकडेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडेल.

२. घाट संपण्याची वाट पाहू नका. पहिल्या सुरक्षित जागी गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

३. वाफ दिसत असेल, पाणी गळत असेल, पट्टा तुटला असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. यांपैकी काही नसेल आणि फक्त काटा चढला असेल, तर गिअर काढून एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून पाहा. काटा उतरू लागला नाही तर बंद करा.

४. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका. वाफ थांबू द्या.

५. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला आणि वरच्या पाइपला हात सुखाने लावता येईपर्यंत झाकणाला हात घालू नका.

६. मग जाड कापड दुमडून झाकणावर ठेवा, तोंड बाजूला करा, झाकण पहिल्या खाचेपर्यंत हळू फिरवा. "फुस्स" आवाज आला तर तिथेच थांबा. दाब पूर्ण गेल्यावरच काढा.

७. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. हेडला किंवा ब्लॉकला चीर जाते. इंजिन निवल्यावर इंजिन चालू ठेवून थोडे थोडे पाणी घाला.

गरम झाकण का उघडू नये याचे कारण आता लक्षात आले असेल. आत शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी केवळ दाबामुळे उकळत नाही. झाकण सुटताच दाब जातो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. ती उरलेले उकळते पाणी घेऊन तोंडावर येते.

कोणी भाजलेच, तर भाजलेल्या भागावरचे कपडे, घड्याळ, अंगठी लगेच काढावी. चिकटलेले कापड ओढू नये. त्या भागावर स्वच्छ गार वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. तोंड, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मोसमाआधीची तपासणी

आपण पेरणीआधी तिफण पाहतो, पाऊस येण्याआधी छप्पर पाहतो. तसे उन्हाळा लागण्यापूर्वी आणि मालाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी गाडी पाहावी. थंड इंजिनात पाण्याची पातळी, कूलंटचा रंग, पट्टा, पाइपांचा फुगवटा व चिरा, पाइपांच्या क्लिपा, पंख्याचा जडपणा, कडे जागेवर आहे की नाही, रेडिएटरची जाळी आणि झाकणाचे रबर, एवढेच पाहायचे आहे. घरच्या माणसाला याला अर्धा तास पुरतो. गाडीत पाच लिटर पाणी, जाड कापड आणि आपल्या गाडीच्या मापाचा एक पट्टा नेहमी असावा. आणि गाडीला झेपेल तेवढाच माल भरावा.

मेकॅनिककडे गेल्यावर "गाडी तापते" एवढेच सांगू नका. कधी तापते, किती वेळाने, रांगेत की पळताना, पाणी किती घालावे लागते, हे सांगा. डॉक्टरला ताप कधी भरतो ते सांगतो, तसेच हे.

मामांच्या गाडीला विस्कसची डबी, थर्मोस्टॅट आणि गोठ्यामागचे ते कडे बसवले, हेड सपाट करून घेतले. यंदा तीच गाडी त्याच घाटातून टोमॅटो घेऊन गेली, काटा निम्म्यावर राहिला. मामेभावाच्या हातावरचा डाग मात्र तसाच आहे. तो आता गाडीत बसण्यापूर्वी बॉनेट उघडून पंखा हाताने फिरवून पाहतो. आपणही पाहावे, आणि हा कागद गाडीच्या खणात ठेवावा.